शाईचे हलके पेन : निवड, निगा व टिकाऊपणा

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गशिक्षकांसाठी)

प्रास्ताविक

प्राथमिक शाळेतील मुलाच्या हाती पाटी, पेन्सिल व पेन ही साधने क्रमाने येतात. पाचवीच्या सुमारास पेन्सिल मागे पडते आणि पेनाने लिहावयाचा काळ सुरू होतो. अक्षराला वळण लागावे म्हणून अनेक शिक्षक या वेळी बॉलपेनाऐवजी शाईचे पेन वापरण्याचा आग्रह धरतात. हा आग्रह योग्य आहे. परंतु आग्रह धरला की त्यामागोमाग येणाऱ्या प्रश्नाचे उत्तरही शिक्षकानेच दिले पाहिजे. तो प्रश्न पालकांचा असतो : "गुरुजी, कोणते पेन घ्यावे, आणि ते वर्षभर टिकेल काय?"

थळसारख्या किनाऱ्यावरील गावी या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस शासनाची बंदी असते. म्हणजे ज्या पंधरवड्यात वह्या, दप्तर व पेन यांचा खर्च उभा राहतो, त्याच पंधरवड्यात कोळीवाड्यातील घरात रोजची मिळकत थांबलेली असते. शेतकऱ्याच्या घरीही भाताच्या पेरणीचा व लावणीचा खर्च तोंडावर आलेला असतो. अशा वेळी घेतलेले पेन जुलैत निकामी झाले, तर दुसरे नारळी पौर्णिमा उलटल्यावरच मिळावयाचे. मधले दिवस मुलाने काय करावे? ते शेजाऱ्याचे पेन मागते, गृहपाठ अर्धा सोडते, शुद्धलेखनाच्या तासाला मान खाली घालून बसते. त्याच्या नावापुढे "आळशी" असा शेरा पडतो. शेरा पडण्यापूर्वी पेन तपासून पाहिले असते, तर पुष्कळदा दोष पेनाच्या सांध्यात सापडला असता.

म्हणून पेनाची निवड व निगा हा विषय किरकोळ समजू नये. पेन हे मुलाच्या हाती येणारे पहिले यंत्र होय. ते कसे चालते, का बिघडते व कसे सुधारते, हे शिक्षकाला ठाऊक असावयास हवे.

१. 'हलके' या शब्दाचे दोन अर्थ

आपल्या भाषेत 'हलके' म्हणजे वजनाने कमी आणि 'हलके' म्हणजे प्रतीने कमी, असे दोन अर्थ आहेत. दुकानात उभे राहिल्यावर या दोन अर्थांची गल्लत होते. हातात जड लागणारे धातूचे पेन टिकाऊ आणि प्लास्टिकचे हलके पेन तकलादू, अशी समजूत रूढ आहे. ती तपासून पाहण्यासारखी आहे.

बाकाच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटरवरून, दोन पेने पडली असे समजा. एकाचे वजन १२ ग्रॅम व दुसऱ्याचे ३० ग्रॅम आहे. उंची सारखीच असल्यामुळे दोन्ही सारख्याच वेगाने जमिनीवर येतील. परंतु पडणाऱ्या वस्तूचा आघात तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो, म्हणून जड पेनाला अडीचपट आघात सोसावा लागेल. हलके पेन चिवट प्लास्टिकचे असेल तर ते उसळी घेऊन बाजूला पडते. जड पेनाचा पत्रा चेपतो किंवा आतील सांधा निसटतो.

दुसरी गोष्ट हाताची. दहा-बारा वर्षांच्या मुलाची बोटे अद्याप बळकट झालेली नसतात. जड पेन, त्यातही टोपण मागे अडकवलेले, मागच्या बाजूस ओढ घेते. ती ओढ आवरण्यासाठी मूल बोटे आवळते आणि निबेवर दाब देते. दाबाने निबेची पाती फाकतात. म्हणजे पेन जड असणे हेच निब लवकर बिघडण्याचे एक कारण ठरते. हलके पेन मुलाच्या हाताला मानवते आणि त्यामुळे अधिक काळ टिकूही शकते.

यावरून असे ठरते की, वजनावरून टिकाऊपणा ओळखू नये. तो पेनाचा पदार्थ, सांधे, निब व निगा या चार गोष्टींवरून ओळखावा.

२. पेनाची रचना

शाईच्या पेनाचे मुख्य भाग पाच : शाई साठविणारी नळी, बोटांनी धरावयाची पकड, निब, निबेखालील जीभ आणि टोपण. यांतील जीभ हा भाग मुलांना क्षुल्लक वाटतो. खरे पाहता पेनाचे सारे कौशल्य तिच्यातच आहे.

बोरू व टाक यांना वारंवार दौतीत बुडवावे लागे. शाई पेनातच साठविण्याचे प्रयत्न फार जुने होते, पण शाई एक तर येतच नसे किंवा आली तर ओघळून कागद बिघडवीत असे. १८८४ साली न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन याने पेटंट घेतलेल्या रचनेने ही अडचण दूर झाली. त्याने जिभेत बारीक खाचा पाडल्या. खाचांतून शाई खाली येते आणि तितकीच हवा वर नळीत जाते. शाई खाली येते ती केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीतून तेल चढते त्याच नियमाने. निबेची उभी चीर हीदेखील अशीच एक अरुंद वाट असते. कागदाला टोक टेकताच कागदाचे तंतू शाई ओढून घेतात. म्हणून शाईच्या पेनाला दाबाची गरज नसते, केवळ स्पर्श पुरतो.

बॉलपेनाचे याच्या उलट आहे. त्याची गोळी फिरावयास कागदावर थोडा तरी दाब द्यावाच लागतो. बॉलपेनावर हात बसलेले मूल शाईच्या पेनालाही तसेच दाबते आणि आठवड्यात निब फाकवते. नवे पेन दिल्यावर पहिला आठवडाभर केवळ हलक्या हाताचा सराव घ्यावा, याचे कारण हेच.

३. पेन कोठे व का बिघडते

शाळाभेटींत मुलांची पेने पाहिली असता ठरावीक ठिकाणीच बिघाड आढळतो.

(अ) टोपणाची कड व आटे. पेनाचा सर्वांत दुबळा भाग हा होय. टोपण घट्ट बसावे म्हणून मूल ते पिळते आणि कडेला केसासारखी चीर जाते. चिरेतून हवा शिरते, निबेवरील शाई वाळते आणि "पेन चालत नाही" अशी तक्रार येते. बिघाड टोपणात असताना दोष निबेला दिला जातो. टोपण पेनाच्या मागच्या टोकावर जोराने दाबून बसविल्यानेही अशीच चीर पडते. टोपण फिरवून हाताला किंचित अडले की थांबावे, हा नियम पहिल्याच दिवशी शिकवावा.

(आ) प्लास्टिकचा प्रकार. सर्व प्लास्टिक एक नव्हे. काचेसारखे पारदर्शक व टणक असे पॉलिस्टायरीन स्वस्त असते, पण ते ठिसूळ असते आणि आट्यांपाशी तडकते. एबीएस या प्लास्टिकमध्ये रबरासारख्या पदार्थाचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात, त्यामुळे ते आघात पचविते. १९८० साली जर्मनीत लॅमी कंपनीने शाळकरी मुलांसाठी 'सफारी' हे हलके पेन काढले, ते याच प्लास्टिकचे. त्याच्याही आधीचा पदार्थ म्हणजे एबोनाइट. रबरात पुष्कळ गंधक मिसळून व तापवून तो तयार करतात. तो हलका व हाताला उबदार असतो, परंतु उन्हाने त्याचा काळा रंग विटून तपकिरी होतो. आंध्रातील राजमहेंद्री येथे रत्नम यांनी तयार केलेली स्वदेशी पेने प्रसिद्ध झाली. असे एक पेन मिळाल्यावर महात्मा गांधींनी १९३५ साली वर्ध्याहून त्यांना समाधानाचे पत्र लिहिले होते. ज्या गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच्या वाईट अक्षराबद्दल खेद नोंदविला आहे आणि चांगले अक्षर हे शिक्षणाचे आवश्यक अंग मानले आहे, त्यांच्या दृष्टीने गावातच तयार होणारे चांगले पेन ही लहान गोष्ट नव्हती.

(इ) निब. आजच्या बहुतेक निबा न गंजणाऱ्या पोलादाच्या असतात. चांगल्या निबेच्या टोकाला कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो. असा मणी नीट वापरल्यास वर्षानुवर्षे टिकतो. फार स्वस्त निबेत मणी नसतो, पोलादाचे टोकच वळवून गोल केलेले असते. ते खरखरीत कागदावर लवकर झिजते व पुढे कागद ओरबाडू लागते. टोपण न लावता पेन टोकावर पडले, तर मात्र हलके असो वा जड, निब वाकते. कारण सारा आघात सुईच्या अग्राएवढ्या जागी एकवटतो. लिहिणे थांबले की टोपण लावावे, हा नियम यासाठी.

(ई) जिभेत वाळलेली शाई. दिवाळीच्या किंवा मेच्या सुटीत पेन शाईसकट तसेच पडून राहते. पाणी उडून जाते, रंग खाचांत घट्ट बसतो. मग मूल पेन झटकते, भिंतीवर ठिपके उडतात, निबेच्या चिरेत ब्लेड घातले जाते आणि बरे असलेले पेन कायमचे वाया जाते.

४. हलक्या पेनाची एक खरी उणीव

हलक्या पेनाची बाजू घेताना त्याची उणीवही सांगितली पाहिजे. ड्रॉपरने शाई भरावयाच्या पेनात सर्व नळी हीच शाईची कुपी असते. मुंबईत तयार झालेली एअरमेल व वॅलिटी या नावांची अशी पेने शिक्षकांच्या परिचयाची असतील. यांत शाई पुष्कळ मावते, सुमारे दोन ते तीन मिलिलिटर. परंतु हलक्या पेनाची भिंत पातळ असल्यामुळे हाताची ऊब आतील हवेपर्यंत लवकर पोचते. ऊब लागली की हवा प्रसरण पावते व शाईला खाली ढकलते.

हा हिशेब फळ्यावर करून दाखविण्यासारखा आहे. आपल्याकडील नेहमीच्या तापमानाला हवा दर अंशाला आपल्या आकारमानाच्या सुमारे एक-तीनशेअंश इतकी फुगते. पेनाची नळी ३ मिलिलिटरची आहे, तीत १ मिलिलिटर शाई उरली आहे आणि २ मिलिलिटर हवा आहे, असे समजा. हाताच्या उबेने ही हवा ६ अंशांनी तापली, तर ती २ गुणिले ६ भागिले ३००, म्हणजे ०.०४ मिलिलिटरने वाढेल. ड्रॉपरचा एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे जवळजवळ एक थेंब शाई बाहेर ढकलली जाणार आणि वहीवर डाग पडणार. उलट नळी भरलेली असून हवा फक्त ०.३ मिलिलिटर असेल, तर वाढ होईल ०.००६ मिलिलिटर. ही थेंबाच्या आठव्या भागाएवढी शाई जिभेच्या खाचा सहज सामावून घेतात.

यातून निघणारा नियम सोपा आहे : शाई तळाला जाईपर्यंत थांबू नये, निम्मी झाली की पुन्हा भरावी. ज्या मुलाच्या वहीवर तासाच्या शेवटी डाग पडतात, त्याचे पेन बहुधा गळके नसते, रिकामे होत आलेले असते. "घाणेरडे लिहितोस" असे म्हणण्यापूर्वी एवढे पाहावे.

५. किनाऱ्यावरील हवा

थळचा समुद्र दूर नाही. खांदेरी-उंदेरीकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि दारांच्या कड्यांपासून सायकलीपर्यंत सर्व लोखंडावर बसतात. पेनही त्यातून सुटत नाही. टोपणाच्या पट्टीवरील मुलामा प्रथम जातो, मग ती गंजते व खिशाला डाग पाडते. न गंजणारे पोलादही मिठापुढे पूर्ण सुरक्षित नसते, त्यावर बारीक खड्डे पडू शकतात. ओलसर दप्तरात उघडे पेन ठेवण्याची सवय येथे म्हणूनच अधिक घातक आहे. पट्टी प्लास्टिकचीच असलेले पेन किनाऱ्यावरील मुलाला अधिक सोयीचे होय.

पावसाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. वहीचा कागद दमट होतो आणि शाई तंतूंतून पसरून अक्षरे फुटतात. मूल पेनाला दोष देते, पालक दुकानदाराला. खरे कारण कागद असतो. तेच पेन कोरड्या, गुळगुळीत कागदावर चालवून दाखवावे म्हणजे शंका फिटते. वह्या जमिनीलगतच्या फडताळात न ठेवता उंचावर व मोकळ्या हवेत ठेवाव्यात.

पेन धुण्याच्या पाण्याचाही विचार करावा. समुद्रालगतच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. अशा पाण्याने धुतल्यास क्षार जिभेच्या खाचांत बसतात. पिण्याचे गोडे पाणी किंवा पावसाळ्यात स्वच्छ भांड्यात धरून गाळलेले पाणी वापरावे.

आट्यांना खोबरेल तेल लावण्याची युक्ती काही घरांत केली जाते. ती टाळावी. तेल जिभेत उतरले तर पाण्याची शाई तेथे ठरत नाही. शिवाय तेलाने काही प्लास्टिकला, विशेषतः पॉलिस्टायरीनला, ताणाच्या जागी बारीक चिरा जातात.

६. शाईची निवड

शाईची भुकटी व गोळ्या पाण्यात विरघळवून शाई करण्याची पद्धत जुन्या शिक्षकांना आठवत असेल. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी 'हॉर्स ब्रँड' या नावाने अशाच भुकट्या व गोळ्या विकण्यास प्रारंभ केला. त्यातूनच पुढे 'कॅमल' शाई व कॅमलिन हा उद्योग उभा राहिला. २०११ साली त्यात जपानच्या कोकुयो कंपनीने मोठा वाटा घेतला. परंतु पिढ्यानुपिढ्या मराठी मुलांच्या बोटांना लागलेली निळाई बहुतांशी याच घरची.

शाईच्या पेनात फक्त शाईच्या पेनासाठी केलेली शाईच घालावी. काजळी व डिंक यांची घरगुती शाई बोरूला चालते. पेनात मात्र डिंक खाचा बुजवितो. चित्रकलेची काळी जलाभेद्य शाई, स्टॅम्पपॅडची शाई व मार्करची शाई यांपैकी कोणतीही पेनात घालू नये. हिराकस व हिरड्यासारख्या तुरट द्रव्यांपासून होणारी लोहयुक्त शाई पक्की असते, पण ती आम्लधर्मी असल्याने साध्या पोलादाला खाते. ती वापरणाऱ्याने पेन वारंवार धुतले पाहिजे.

मुलांसाठी धुण्याने जाणारी निळी शाई उत्तम. कपड्यावरचा डाग निघतो व पेनही स्वच्छ राहते. मात्र हीच शाई दाखलखारीज रजिस्टरसाठी वापरू नये. पावसाच्या एका ओघळाने एखाद्याची जन्मतारीख पुसली जाऊ शकते. तेथे पाण्याने न जाणारी पक्की शाईच हवी.

७. खरेदीच्या वेळच्या पाच परीक्षा

पालकसभेत पुढील पाच परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवाव्यात.

(१) टोपण तीन-चार वेळा उघडून लावावे. आटे न अडखळता बसले पाहिजेत.

(२) पेन उजेडाकडे धरून नळी, पकड व टोपणाची कड पाहावी. चीर किंवा उघडा जोड दिसल्यास ते घेऊ नये.

(३) निब समोरून पाहावी. दोन्ही पाती एका पातळीत असावीत व चीर टोकाकडे निमुळती होत जावी.

(४) दुकानदाराच्या संमतीने नळीत पाणी भरून, पेन टोपणाविना टीपकागदाच्या वर उभे धरावे. निब कागदाला टेकू देऊ नये. पाच मिनिटांत थेंब पडू नये.

(५) शाईत निब बुडवून, कागदावर दाब न देता इंग्रजी आठाचा आकडा काढावा. सर्व वळणांवर रेघ सारखी उमटली पाहिजे.

आणखी एक प्रश्न विचारावा : याची निब व जीभ निराळी मिळते काय? ज्या पेनाचा एक भाग बिघडला की सारे पेन फेकावे लागते, ते कितीही मजबूत दिसले तरी टिकाऊ नव्हे. आपल्याकडील साध्या पेनांत निब व जीभ पकडीत नुसती दाबून बसविलेली असतात. फडक्यात धरून सरळ ओढल्यास ती निघतात, धुऊन पुन्हा बसविता येतात व बदलताही येतात. हा त्यांचा मोठा गुण आहे.

काही टोपणांच्या माथ्यावर छिद्र असते. टोपण मुलाच्या घशात अडकल्यास श्वास चालू राहावा यासाठी ते ठेवलेले असते. दोष समजून ते मेणाने बुजवू नये. टोपणे चावण्याची सवय मात्र मोडावी.

८. नमुना पाठ

विषय : सामान्य विज्ञान व लेखन (संयुक्त). इयत्ता : सहावी किंवा सातवी. वेळ : दोन तासिका.

उद्दिष्टे : (१) केशाकर्षण व हवेचे प्रसरण यांचा नित्याच्या साधनाशी संबंध जोडणे. (२) पेन उघडणे, धुणे व पुन्हा जुळविणे हे हस्तकौशल्य येणे. (३) बिघाडाचे कारण शोधण्याची सवय लागणे.

साहित्य : मुलांची पेने, दोन जुनी निकामी पेने, गोडे पाणी, दोन वाट्या, ड्रॉपर, टीपकागद, सुती फडके, दिव्याची वात, किराणा दुकानातून मागून आणलेला वजनकाटा.

पहिली तासिका. प्रथम सर्व पेनांचे वजन करून फळ्यावर चढत्या क्रमाने लिहावे. कोणते पेन किती महिने चालले, हे त्यापुढे लिहावे. जड तेच टिकते काय, हे मुलांनी आकड्यांवरून ठरवावे. शिक्षकाने उत्तर आधी सांगू नये. नंतर वातीचे एक टोक रंगीत पाण्यात सोडून पाणी चढताना दाखवावे आणि जिभेच्या खाचांशी तुलना करावी.

दुसरी तासिका. निकामी पेन शिक्षकाने उघडून दाखवावे. मुलांनी आपापली पेने उघडावीत. निब व जीभ थंड पाण्यात धरावी, पाणी रंगहीन होईपर्यंत बदलावे. गरम पाणी, स्पिरिट वा नखाचा रंग काढण्याचे द्रव्य वापरू नये, कारण त्याने प्लास्टिक विरघळते किंवा वाकते. शाई फार वाळली असल्यास भाग रात्रभर पाण्यात ठेवावेत. फडक्याने टिपून, निबेची मधली चीर जिभेच्या मधल्या खाचेवर येईल अशा बेताने पुन्हा बसवावे.

प्रश्न : (१) निम्मी शाई संपल्यावर पेन का भरावे? (२) टोपणाला चीर गेल्यास निब का चालत नाही? (३) दमट कागदावर अक्षर का फुटते? (४) १२ ग्रॅम व ३० ग्रॅम वजनाच्या पेनांपैकी पडल्यावर अधिक आघात कोणाला?

पुढील कार्य : वर्गात "पेनाची नोंदवही" ठेवावी. तीत पाच रकाने असावेत : तारीख, पेन, तक्रार, सापडलेले कारण, उपाय. नोंद मुलांनीच करावी. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सर्व पेने धुण्याचा परिपाठ ठेवावा. सुटीपूर्वी प्रत्येक पेन रिकामे करून, धुऊन व वाळवून घरी न्यावे. शाळेच्या कपाटात दोन-चार निबा, एक ड्रॉपर, शाईची बाटली व उसने देण्यासाठी एक-दोन चालू पेने असावीत. पेन बिघडले म्हणून कोणाचा तास बुडू नये.

९. शिक्षकांनी ध्यानात ठेवावयाचे

हलक्या पेनाची परीक्षा केली असता असे दिसते की, त्याचे वजन हा त्याचा दोष नव्हे. चिवट प्लास्टिक, नीट बसणारे आटे, मणी असलेली व बदलता येणारी निब, योग्य शाई आणि महिन्याची एक धुलाई एवढे लाभले की साधे हलके पेन या जूनपासून पुढील जूनपर्यंत आणि त्यापुढेही चालावयास हरकत नाही. महागडे पेन घेण्यास पालकांस कधीही सांगू नये. घेतलेले पेन जपावयास मुलास शिकवावे.

शिक्षकबंधुभगिनींनो, वहीवरील डाग, फुटलेले अक्षर व अपुरा गृहपाठ यांची कारणे दोन असतात : काही मुलाच्या हातात, काही त्याच्या साधनात. साधनातील कारण मुलाला कळत नाही आणि घरी सांगावे तर पैशाचा प्रश्न निघतो, म्हणून ते गप्प बसते. ते कारण शोधून देणे आपल्याच हाती आहे. आपल्या केंद्रातील प्रत्येक शाळेने पहिल्या सत्रात वरील पाठ घेऊन नोंदवही सुरू करावी, आणि सत्राच्या शेवटी किती पेने दुरुस्त झाली व किती टाकावी लागली, याची गोषवाऱ्याने माहिती केंद्र संमेलनात सांगावी. एका शाळेत सापडलेला उपाय दुसऱ्या शाळेच्या मुलांच्या उपयोगी पडेल.